आलाप संपल्यावरचा आवाज

माझ्या भावाचा आवाज सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता आणि हाताचा मार फक्त घरच्यांना. आवाजावर माझा जीव होता. हाताची मात्र आठवण आली तरी माझं डोकं फिरतं. दोन्ही एकाच माणसाला लागलेले, करता काय.

आमचं गाव काशीदच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. विहारासमोर मैदान आहे, तिथं जयंतीला आमची गाण्यांची पार्टी बसते. मुख्य गायक दादा, ढोलकीला आमचे चुलतकाका आणि कीबोर्डवर मी. आठवडाभर मी माणगावच्या बाजूला शाळेत शिकवते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. पार्टीचा कार्यक्रम कायम एकाच पद्धतीनं सुरू व्हायचा. आधी दादाचा आलाप, त्याला ना ढोलकीची साथ, ना कीबोर्डची. तो उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि एकच सूर असा वर न्यायचा की खुर्च्यांवर गप्पा मारणारी माणसं गप्प व्हायची. बायकांच्या रांगेत पदर डोळ्यांना लागायचे. मग गाणी. माणूस माणसासारखा वागला पाहिजे, बाई शिकली पाहिजे, कुणी कुणाच्या पायाखाली राहता कामा नये, अशी सगळी.

आणि घरी आल्यावर कालवणात मीठ कमी पडलं म्हणून वहिनीच्या कानाखाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी हे त्याला तोंडावर म्हणाले होते, आणि त्याबद्दल मलाही एक बसली होती.

मीही काही गरीब गाय नाही. लहानपणी त्यानं कॅरमचा बोर्ड माझ्या पाठीत घातला होता, कारण त्याची ओळ मी त्याच्याआधी गायले. मी त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की आईला माझे केस ओढून मला सोडवावं लागलं. तो वण त्याच्या हातावर अजून आहे. आमच्या घरात राग असाच वाटून आला, त्याला हात मिळाले आणि मला दात.

वहिनीला दोन्ही मिळाले नव्हते. ती मार खायची आणि कामाला लागायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं, फक्त हिचं तोंड कुणी दाबलेलं नव्हतं, तीच दाबून घ्यायची. विहारातल्या बायका एकदा दादाला समजवायला आल्या. तो खाली मान घालून बसला, त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन 'बाहेर सांगतेस काय' म्हणून तिला पुन्हा मारलं. मी तिला म्हणाले, चल माझ्याबरोबर माणगावला. ती म्हणाली, "ताई, घर माझ्या नावावर हाय. मी का जाऊ?"

घरकुल खरंच तिच्या नावावर होतं.

मग दादाचा गळा बसला. आधी घोगरा झाला, मग गिळताना दुखायला लागलं. वर्षानुवर्षं गालात धरलेल्या तंबाखूनं आपलं काम केलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. मानेला भोक पाडतील, श्वास तिथूनच, आवाज कायमचा बंद. दादा ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. जगेन की मरेन, हे त्यानं विचारलंच नाही. तो म्हणाला, "बाय, जयंतीला आलाप कोण घेणार?"

मी म्हणाले, तूच घेणार. ऑपरेशनच्या आधी तुझा आलाप कीबोर्डात भरून ठेवते. मी पट्टी दाबली की तुझा आवाज येईल, अगदी तुझाच.

त्याचं तोंड उजळलं. आणि लगेच भांडण सुरू झालं, कोणत्या कीबोर्डात भरायचा यावरून.

घरात दोन कीबोर्ड होते. एक जुना, पार्टीच्या सुरुवातीपासूनचा. वादळात घराचे पत्रे उडाले तेव्हा दादानं तो तांदळाच्या पिंपात घालून, वर स्वतः बसून वाचवला होता. दुसरा माझा, नवा. आवाज दोन्हींत भरता यायचा, पण जुना आठ बिटचा आणि नवा सोळा बिटचा.

हे दादाला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. कीबोर्ड आवाज भरतो म्हणजे काय करतो, तर क्षणाक्षणाला आवाज किती मोठा आहे ते मोजतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो. आठ बिटच्या यंत्राकडं मोजायला दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात, सोळा बिटकडं पासष्ट हजारांच्या वर. मोठा आवाज दोन्हीकडं मोठाच निघतो. मारामार होते ती हळू आवाजाची. आमची आई तांदूळ मोजायला मोठी पायली ठेवायची आणि छोटं चिपटंही ठेवायची. घरात नुसती पायलीच असेल तर मूठभर तांदूळ मोजणार कसा? एक तर काहीच नाही म्हणा, नाही तर अख्खी पायली म्हणा. आठ बिटचं यंत्र हळू आवाजाचं हेच करतं. सूर विझत जातो तेव्हा तो सावकाश विझत नाही, पायऱ्यांवरून गडगडतो, आणि त्या गडगडण्याची खरखर ऐकू येते. अगदी बारीक आवाज तर त्या खरखरीत बुडूनच जातात.

मैदानात मोठे भोंगे लावले आणि ढोलकी सुरू झाली की यातलं कुणाच्या बापाला कळत नाही, ही गोष्ट खरी. दादाला तर ती खरखर म्हणजेच दम वाटायचा. "जुन्यात आवाज कसा टणक येतो," तो म्हणायचा, "तुझ्या नव्यात सगळं मिळमिळीत. गाणं हाय, अंगाई न्हाय." त्याच्या रागालाही दोनच पायऱ्या होत्या, गप्प आणि मार. मधलं काही मोजायची त्याला सवय नव्हती.

शेवटी काका वैतागून म्हणाले, दोन्हींत भरा आणि मोकळे व्हा. एकाच माइकची वायर दुहेरी करून मी दोन्ही कीबोर्डना जोडली.

ते सगळं भर दुपारी, पुढच्या खोलीत. दारं लावलेली, पंखा बारीक ठेवलेला. दादा माइकसमोर, मी दोन कीबोर्डांच्या मधे जमिनीवर, काका दाराशी. माइकच्या स्टँडचा सांधा ढिला होता, माइक हळूहळू मान टाकायचा. दादानं सगळ्यांना दम भरला होता, कुणी हूं की चूं करायचं नाही. आवाज घोगरा झालेलाच होता, पण वर चढला की कुठून तरी मोकळा व्हायचा. पहिल्या वेळी तो मधेच तुटला. दुसऱ्या वेळी खोकला आला. तिसऱ्या वेळी मात्र त्यानं असा सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, झालं, मिळालं. सूर खाली येत येत थांबला आणि नेमकी तेव्हाच वहिनी आतून गरम पाण्याचा पेला घेऊन आली. त्याच्याच गळ्यासाठी. पेला स्टँडच्या पायाला लागला आणि खण्णकन खाली पडला.

दादा वळला आणि उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. ती खाली बसली, पेला उचलायला बसावं तशी. सांडलेलं पाणी तिच्या पायावरून वाफाळत गेलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. क्षणभर मी नुसती बघत राहिले. मग मी काहीतरी घाण शिवी दिली, स्टँड उचलला आणि भावाच्या कपाळात हाणला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं तसा तो आंधळ्यासारखा माझ्यावर आला, मला भिंतीवर आदळलं, काकांनी मधे पडून त्याला धरलं. आम्ही तिघं धापा टाकत उभे, आणि वहिनी फडकं आणून दादाच्या कपाळावर दाबतेय. दाबू नकोस, मरू दे त्याला, असं मी ओरडले. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

कीबोर्ड बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जागा संपेपर्यंत दोन्ही भरतच राहिले.

आठवड्यानं दादा मुंबईला ॲडमिट झाला. मी दोन्ही कीबोर्ड माणगावच्या खोलीवर आणले होते, आलाप साफ करायला. आधी जुना लावला. कानाला हेडफोन. आलाप आला, टणक, दादाला आवडतो तसा. मग खण्ण, मग थप्पड. तीही चांगली टणक. मग नुसती खरखर, रेताड, आणि मग माझी शिवी. आवाज मोठा करून पाहिला तर खरखरच मोठी झाली.

मग नवा लावला. आलाप तोच, पण शेवटी सूर विझतो कसा ते आता ऐकू आलं, श्वास कुठं कमी पडतो तेही. मग पेला. मग थप्पड. थप्पड मारल्यावर खोलीत जी शांतता झाली होती ती या कीबोर्डात खरंच शांतता होती, तिच्यात पंख्याची कुरकुर होती, पाणी ठिबकत होतं. आणि त्या शांततेत, मान टाकलेल्या माइकच्या खालून, वहिनी अगदी हळू, स्वतःशीच बोलली होती.

"गळा कापून टाकतायत. हात तसाच ऱ्हातोय."

मी ते त्या दिवशी तिच्यापासून चार हातांवर बसून ऐकलं नव्हतं. माझे कान रागानं भरले होते. हेडफोन काढून मी खिडकीशी उभी राहिले. मला रडू आलं नाही, चीड आली. मनगट चावलं होतं तशी, पण या वेळी कुणाला चावायचं ते समजेना. मी रेकॉर्डिंगच्या शेपटीचा तेवढा तुकडा कापून टाकू शकत होते. कापला नाही.

दादा वाचला. मानेला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. बोलायला मी शाळेतली पाटी आणून दिली, त्यावर तो खडूनं लिहायचा. सगळे म्हणाले, चला, आता तरी घर शांत झालं. शांत झालं खरं. महिन्याभरात त्याच्या अंगात ताकद आली आणि पेज गरम लागली म्हणून त्यानं वहिनीला मारलं. न बोलता. पूर्वी मारताना त्याचा आरडाओरडा व्हायचा, तो ऐकून शेजारी धावून यायचे. आता हात तेवढा उठायचा. भिंतीपलीकडच्या माणसालाही समजत नव्हतं. मी शनिवारी आले तेव्हा तिचा कान सुजला होता. मी दादाच्या अंगावर धावले तर तिनंच मला कमरेला धरून मागं ओढलं.

मी तिला माडाखाली नेलं आणि हेडफोन लावून ते ऐकवलं; जुन्यात तिथं नुसती खरखर आल्याचंही सांगितलं. तिनं एकदा ऐकलं. मग म्हणाली, पुन्हा लावा.

"हे मी बोलले?"

"तूच बोललीस."

तिनं हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "त्यांना ऐकवा. मी समोर बसते."

मी म्हणाले, "जीव घेईल तो तुझा."

"मग तुम्ही हायच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही कीबोर्ड पुढच्या खोलीत मांडले. दादाला वाटलं, आलाप ऐकायचा आहे. नवी बनियन घालून, पाट घेऊन बसला. वहिनी समोर, भिंतीला टेकून. मी पट्टी दाबली आणि धरून ठेवली. पट्टी धरलेली असेतो आवाज चालू राहतो, बोट उचललं की बंद.

आलाप सुरू झाला आणि दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, गाताना जायचा तसा. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सूर विझला. पेला पडला. थप्पड वाजली. त्यानं डोळे उघडले. आणि मग खोलीभर, मोठ्या स्पीकरमधून, वहिनीचा आवाज आला. गळा कापून टाकतायत. हात तसाच ऱ्हातोय.

दादा उठला. मानेच्या भोकातून नुसती हवा फुसफुसत होती, तोंड उघडंच, आत काही नाही. ओरडता येत नाही म्हटल्यावर राग सगळा हातांत उतरला. हाताला लागला तो कीबोर्ड त्यानं उचलला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला. पुन्हा आपटला. पट्ट्या दातांसारख्या उडाल्या, पत्रा वाकला, आतल्या हिरव्या सर्किट बोर्डचे दोन तुकडे झाले. तुकड्यांवर लाथा घालताना त्याचा पाय कापला, तरी थांबेना. मी पितळी तांब्या हातात घेऊन तयार होते. वहिनी जागची हलली नाही.

तो दमला तेव्हा ती म्हणाली, "तो जुना व्हता. त्यात माझं बोलणं आलंच नव्हतं. तुमचा आलाप तेवढा व्हता."

दादानं पायाखाली पाहिलं. मग नव्याकडं. माझ्यापुढून तो ओढून घेतला आणि डोक्यावर उचलला. वायरी लोंबत होत्या.

"फोडा," वहिनी म्हणाली. "आता तुमचा आवाज तेवढ्यातच हाय."

मी त्याला एवढा वेळ, काहीही न करता, उभा राहिलेला आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्यानं कीबोर्ड खाली ठेवला, झोळीत पोर ठेवतात तसा. पाटी घेतली आणि मला लिहून दाखवलं, 'मागचं काप.'

"मी नाही कापणार," मी म्हणाले. "तुला येत असेल तर तू काप."

त्याला येत नव्हतं. वहिनीनं त्या रक्ताळलेल्या पायाला हळद लावली, पट्टी बांधली आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. "कुठली पट्टी दाबायची ते मला दाखवा."

पुढचे शनिवार-रविवार ती माझ्याकडं शिकत होती. तिला बाकी काही वाजवायचं नव्हतं, एकच पट्टी. आलाप कुठं संपतो, पेला कुठं पडतो, थप्पड कुठं, त्यानंतर शांतता किती लांब, हे तिनं बोटात बसवून घेतलं. काकांना मी सांगितलं की आलाप यंदा वहिनी वाजवणार. बायकोनं नवऱ्याचा आवाज वाजवायचा म्हणून त्यांना कौतुक वाटलं. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही.

जयंतीच्या दिवशी सकाळी वहिनी पांढरी साडी नेसत होती. दादानं पाटी पुढं केली, 'स्टेजवर जायचं नाही.' ती निऱ्या घालत राहिली. त्यानं पाटी ठेवली आणि तिला मारलं. मी विहारात फुलं लावत होते. आले तेव्हा तिच्या गालावर चार बोटं उठलेली. ती पावडर लावत म्हणाली, "राहू द्या ताई. कार्यक्रमाला उशीर होईल."

संध्याकाळी मैदान भरलं. वंदना झाली. पहिल्या रांगेत मधली खुर्ची दादाची, गळ्यात हार, मानेवर स्वच्छ रुमाल. सूत्रसंचालकानं सांगितलं की दादांचा आवाज गेला तरी दादा आज गाणार आहेत. टाळ्या पडल्या. वहिनी माझ्या शेजारी बसली, हात पदराला पुसला आणि पट्टी दाबली.

दादाचा आवाज मैदानावर उठला. काय सांगू, तसा तो हयातीत गायला नसेल. मोठ्या भोंग्यांवरही कुठं खरखर नाही, सूर विझत गेला तो अगदी शेवटच्या श्वासापर्यंत. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. म्हातारी माणसं उभी राहिली. आलाप संपला.

वहिनीनं बोट उचललं नाही.

पेला पडला. आणि थप्पड वाजली, सगळ्या मैदानावर, सुरूच्या झाडांवर आपटून परत आली. लोकांना वाटलं ढोलकीची थाप. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका आपल्या हाताकडं बघत राहिले, कारण त्यांनी अजून ढोलकीला हात लावला नव्हता. दादाचा हात मानेवरच्या रुमालाकडं गेला. तो वहिनीच्या बोटाकडं बघत होता. वहिनी त्याच्याकडं बघत होती, गालावरची पावडर घामानं निघून चार बोटं वर आली होती. भोंग्यांत आता पंख्याची बारीक कुरकुर होती. यानंतर तिचं वाक्य होतं, हे तिथं फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

दादानं हात जोडले. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला वाटलं, गर्दीला जोडले.

वहिनीनं बोट उचललं. "घ्या ताई," ती मला म्हणाली, "गाणं सुरू करा."

कीबोर्ड आता मी माणगावला नेत नाही. तो तिच्या कपाटात असतो आणि चावी तिच्याकडं. कार्यक्रम असला की आलापाची पट्टी तीच दाबते. दादा पहिल्या रांगेत बसतो. लोक डोळे मिटून त्याचा आवाज ऐकतात आणि तो तिच्या बोटाकडं बघत राहतो.